सेकंड अ‍ॅव्हेन्यूवरचा श्रावण

न्यूयॉर्कला पाऊल ठेवल्यापासून हिनं वेटरांची उलटतपासणी सुरू केली होती. सूप भाज्यांचं आहे, ठीक. पण ते शिजलंय कशात? कांदा परतलाय तो कसल्या तेलात? सँडविच कापणारी सुरी त्याआधी कुणावर चालली होती? सुरुवातीला मला हे अति वाटायचं. मग एका हॉटेलात भाज्यांचं सूप अर्धं संपल्यावर कळलं, की त्यातलं पाणी कोंबडी उकळलेलं होतं. त्या दिवसापासून ही घराबाहेर फक्त केळी खाऊ लागली. केळ्याला साल असते, आत कुणी काही घालू शकत नाही, हा तिचा मुद्दा बिनतोड होता.

मी अलिबागचा. ताटात मासा नसला तर जेवण झालं हे माझ्या पोटाला पटत नाही. चाळीस वर्षांच्या संसारात आमची माशांची कढई, ऑम्लेटचा तवा आणि माशांची विळी या तीन वस्तू कधी स्वयंपाकघरात आलेल्या नाहीत. त्यांचा मुक्काम मागच्या पडवीत, वेगळ्या शेगडीशेजारी. अपवाद फक्त श्रावणाचा. श्रावण मी पाळतो, आईला शब्द दिलाय म्हणून. त्या महिनाभर आम्ही दोघं एकाच कढईतलं जेवतो आणि घरात विलक्षण शांतता असते.

२०२४ चा श्रावण मात्र मुलाकडे, जर्सी सिटीत उजाडला. तिसऱ्या दिवशी, बुधवारी, मुलगा म्हणाला, "आई, आज अशा ठिकाणी नेतो जिथे तुला एकही प्रश्न विचारावा लागणार नाही." हिनं पर्समध्ये दोन केळी टाकली आणि आम्ही निघालो. पाथ ट्रेननं नाइन्थ स्ट्रीट, तिथून सेंट मार्क्स प्लेसच्या गर्दीतून चालत सेकंड अ‍ॅव्हेन्यू.

दुकानाचं नाव बी अँड एच डेअरी. डेअरी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर दुधाच्या पिशव्या, श्रीखंडाचे डबे आणि सुट्टे नाहीत म्हणून ओरडणारा मालक. आत बघतो तर एसटीच्या बसएवढं लांबट, अरुंद हॉटेल. एका बाजूला लांबलचक काउंटर आणि त्यापुढे स्टुलं, दुसऱ्या बाजूला भिंतीला टेकवलेली छोटी टेबलं, मधून कुणी जायचं म्हटलं तर बसलेल्यानं पोट आत घ्यायचं. १९३८ पासून हे असंच चाललंय. बी म्हणजे बर्गसन आणि एच म्हणजे हेलर, हे मूळचे दोन भागीदार. काउंटरपलीकडचा आचारी एका हातानं पावाचे जाडजूड काप करत होता, दुसऱ्या हातानं तव्यावरचं काहीतरी उलटत होता आणि तोंडानं साथीदाराशी स्पॅनिशमध्ये भांडत होता.

"इथे मटण, चिकन काहीच शिजत नाही," मुलगा म्हणाला. "आजवर कधी शिजलेलं नाही. दूध चालतं म्हणून मांस येऊच शकत नाही."

ही पहिल्यांदा हसली. पण तिला कारण हवं होतं.

कारण असं. ज्यूंच्या तोराह या मूळ धर्मग्रंथात तीन ठिकाणी एकच आज्ञा आहे: करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नकोस. एवढंच. पुढे धर्मपंडितांनी तिच्याभोवती कुंपण घातलं, कुंपणाला वई घातली आणि वईवर काटे टाकले. करडूच काय, कुठलंच मांस कुठल्याच दुधाबरोबर नको. एका जेवणात नको, एका भांड्यात नको. मांसाची भांडी वेगळी, दुधाची वेगळी. ऐपत असली तर मोऱ्याही दोन. मांस खाल्ल्यावर दूध प्यायचं तर मध्ये सहा तास थांबायचं. जर्मनीकडचे ज्यू तीन तास थांबतात, हॉलंडकडचे एकच. म्हणजे देव एक, तोराह एक, पण पचनाचा वेग प्रांताप्रमाणे.

"आणि कोंबडीचं काय?" मी विचारलं. "कोंबडीला कुठे दूध असतं?"

ही शंका मला सुचली म्हणून मी खुशीत होतो; पण ती तालमुद या त्यांच्या धर्मचर्चेच्या ग्रंथाच्या काळात गालील प्रांतातल्या योसे हागलिली नावाच्या रब्बीनं, म्हणजे धर्मपंडितानंच, काढून ठेवली आहे, आणि त्यांच्या गावात लोक कोंबडी दुधाबरोबर खुशाल खायचेही. बाकीच्या पंडितांनी ते चालू दिलं नाही. गालीलातल्या त्या गृहस्थांबद्दल मला एकदम आपुलकी वाटली.

खरं सांगायचं तर हे सगळं मला नवं नव्हतं. अलिबागला इस्रायल आळी आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना आमच्याकडे शनिवार तेली म्हणत, त्या कोकणातल्या ज्यूंची, बेने इस्रायल लोकांची. नऊवारी नेसणाऱ्या, माझ्या आजीसारखंच मराठी बोलणाऱ्या त्यांच्यातल्या एक आजी आमच्या ओळखीच्या होत्या. त्यांच्या घरचं मटण आमच्यापेक्षा चवदार असायचं, कारण त्यात नारळाचा रस असे. आमच्याकडे मटणाला दही लावत. एकदा त्यांच्याकडे मटण-भात ओरपल्यावर मी ताक मागितलं. "मटण जेवलास ना? मग आता ताक मागायचं नाही," एवढंच त्या म्हणाल्या आणि गुळाचा खडा हातावर ठेवला. कारण त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. खरकटं म्हणजे नेमकं काय, हे आमच्या आजीनं तरी कुठे सांगितलं होतं? आता साठी उलटल्यावर सेकंड अ‍ॅव्हेन्यूवर बसून कळलं, की तो नारळाचा रस चवीसाठी होता तसा सुटकेसाठीही होता. रश्शाला दाटपणा हवा आणि दूध-दही तर चालत नाही. मग कोकणात माणूस नारळाकडे जाईल नाहीतर कुठे?

बोर्श्ट आलं. बीटाचं सार, पण वर घट्ट, आंबट सायीचा गोळा. सोबत लोणी माखलेले पावाचे दोन काप, इतके जाड की आमच्याकडे एवढ्या पावात चौघांची न्याहारी होते. या पावाला खाला म्हणतात. ज्यू घरांत शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, पहिल्या जेवणाला हाच पाव, वेणी घातलेला. मऊ, पिवळसर, किंचित गोड. मुलानं स्वतःसाठी वाटाण्याच्या डाळीचं सूप घेतलं होतं; ते आमटीच होतं, फोडणी द्यायची विसरलेली. मग ब्लिंट्झेस आले. पातळ घावनात गोडसर चक्का भरून त्याची वळकटी करावी आणि लोण्यावर खरपूस भाजावी, तसा प्रकार. ही जेवत होती. तीन आठवड्यांत प्रथमच कुणालाही काहीही न विचारता जेवत होती. भाज्यांत किडा-मुंगी चालत नाही म्हणून कोशेर, म्हणजे ज्यू नियमांनी चालणाऱ्या, स्वयंपाकघरात पानन् पान उजेडासमोर धरून तपासतात, हे मुलानं सांगितल्यावर तर तिनं पंजाबातून आलेल्या सुनेच्या मेथी निवडण्याविषयी एक टोमणाही मारून घेतला.

आणि तेवढ्यात शेजारच्या टेबलावर मासा आला.

सामन होता. गुलाबी, तकतकीत, पावावर पांढरं क्रीम चीज आणि वर हा. हिचा घास हातातच राहिला. "तू तर म्हणालास इथे काही शिजत नाही!"

"मांस शिजत नाही, आई. मासा म्हणजे मांस नव्हे."

कोशेर हिशेबात खाद्यपदार्थांचे तीन वर्ग. मांसाचं ते फ्लेशिग, दुधाचं ते मिल्खिग आणि दोन्हीकडचं नसलेलं ते पारव्ह. धान्य, भाज्या, फळं पारव्ह. मासा, त्याला पर आणि खवले असले तर, पारव्ह. आणि अंडंही पारव्ह. मला सारस्वत मित्र आठवले, जे पापलेटाला समुद्रातली भाजी समजतात. मी हिच्याकडे विजयी मुद्रेनं बघितलं. चाळीस वर्षं जे मी ओरडून सांगतोय ते मोझेसच्या लोकांना कधीपासून ठाऊक होतं!

पण हिच्या कानात शेवटचं वाक्य अडकलं होतं. "अंडं? मग या पावात...?"

पावात होतं. खाला अंड्याशिवाय होत नाही असं नाही, पण तो पिवळा रंग हळदीचा नव्हता. ब्लिंट्झेसच्या घावनातही होतं. टेबलावर शांतता पसरली. मुलानं उगाच पाण्याचा ग्लास सरळ केला. हिनं ताटलीकडे पाहिलं, उरलेल्या दीड ब्लिंट्झकडे पाहिलं, आणि निकाल दिला: "दिसत नाही ना? मग केकसारखं. केकमधलं चालतं."

या निकालाचा उगम कुठल्या स्मृतीत आहे हे मी शोधलेलं नाही, पण महाराष्ट्रातल्या हजारो शाकाहारी घरांत तो प्रमाण मानला जातो. उकडलेलं अंडं दिसतं, म्हणून पाप. केकमधलं दिसत नाही, म्हणून वाढदिवस. ज्यूंनी यातही आकडा ठरवून दिलाय. चुकून निषिद्ध काही पडलं आणि ते साठाव्या हिश्शाहून कमी असेल, तर अन्न सहसा बाद होत नाही. मुद्दाम टाकलं तर मात्र ही सवलत नाही. हिच्या कायद्यात आकडाच नाही, म्हणून तो कुठेही पुरतो.

प्रश्न माझा राहिला होता. श्रावणात मला अंडं वर्ज्य. मी अर्धा खाला खाऊन बसलो होतो. "तुम्हालाही केकसारखंच," ती म्हणाली. चाळीस वर्षांत प्रथमच तिनं मला एखादी सवलत न मागता दिली.

मग मुलानं हॉटेलची गोष्ट सांगितली. एके काळी या सेकंड अ‍ॅव्हेन्यूवर यिडिश या ज्यूंच्या भाषेतल्या नाटकांची थिएटरं होती, आणि थोडं खाली लोअर ईस्ट साइडला पूर्व युरोपातून आलेले ज्यू दाटीवाटीनं राहत. मांस महाग. १९०२ च्या मे महिन्यात कोशेर मांसाचा भाव पौंडाला १२ सेंटांवरून १८ वर गेला, तेव्हा तिथल्या बायका रस्त्यावर उतरल्या, खाटकांच्या काचा फोडल्या, मांसावर रॉकेल ओतून पेटवलं. हे ऐकताना हिला फार बरं वाटलं. आमच्याकडे लाटणं मोर्चा निघाला तेव्हा ती शाळेत होती, पण आई गेली होती हे ती अजून सांगते. अशा वस्तीत डाळ, बटाटे, पनीर, सूप आणि पाव यांवर पोट भरणारी दुधाची हॉटेलं निघाली नसती तरच नवल. डिलॅन्सी स्ट्रीटवरचं रॅटनर्स त्यातलं सगळ्यांत गाजलेलं. १९०५ मध्ये सुरू झालं, २००२ मध्ये मिटलं. बहुतेक सगळी मिटलीच. मुलं शिकली, उपनगरांत गेली, काहींनी कुंपण ओलांडून चीजबर्गर खाल्ला.

आम्ही बसलो होतो ते तगलं, आणि तेही सुखासुखी नाही. २०१५ च्या मार्चमध्ये याच ओळीत पलीकडे गॅसचा स्फोट होऊन तीन इमारती कोसळल्या, दोन माणसं गेली, आणि हे दुकान पाचेक महिने बंद राहिलं. गिऱ्हाइकांनी पैसे गोळा करून दिले. मालक मूळचे इजिप्तचे, मुसलमान. पत्नी पोलंडच्या, कॅथलिक. आचाऱ्यांची भाषा मी मघाशी ऐकलीच होती. भिंतीवर कोशेरचं प्रमाणपत्र. शनिवारीही उघडं असतं म्हणून फार कडक पाळणारे ज्यू मात्र इथे जेवत नाहीत. सोवळ्यातही इयत्ता असतात हे आम्हाला वेगळं सांगायला नको.

मला एक आठवलं. बुधवारच्या तीनच दिवस आधी, रविवारी, ४ ऑगस्टला अमावास्या होती, म्हणजे गटारी. मुलानं बापाची सोय म्हणून मला एका मांसाच्या कोशेर हॉटेलात नेलं होतं. पास्ट्रामीचं, म्हणजे खारवून धुरावलेल्या मांसाच्या कापांचं, सँडविच, वीतभर उंच. खाऊन झाल्यावर मी दुधाचा चहा मागितला आणि वेटरनं दूध नसलेल्या दुधाची पुडी आणून ठेवली. अलिबागच्या आजींनी निदान गूळ दिला होता. पण मला आठवली ती तिथली गर्दी. उभं राहायला जागा नव्हती. मला वाटलं, रविवार आहे.

"रविवार म्हणून नव्हे, बाबा," मुलगा म्हणाला. त्याच्या हापिसातल्या एका ज्यू मित्रानं त्याला सांगितलं होतं. त्यांचा अव महिना त्याच संध्याकाळी लागत होता. जेरुसलेमचं मंदिर दोनदा पडलं त्याचं सुतक म्हणून या महिन्याचे पहिले नऊ दिवस ते मांस खात नाहीत, नवव्या दिवशी तर कडकडीत उपास. त्यांचे महिनेही चंद्राचे, त्यांनाही अधिक महिना असतो, १९ वर्षांत ७ वेळा. फक्त तो नेहमी अदार महिन्यालाच जोडतात. त्यामुळे काही वर्षी आपली त्यांची चुकामूक होते. पण त्या वर्षी ५ ऑगस्टला, सोमवारी, त्यांचा अव आणि आमचा श्रावण एकाच दिवशी सुरू झाले होते. म्हणजे आदल्या दिवशी त्या हॉटेलात ताटावर तुटून पडलेल्यांत गटारी साजरी करणारा मी एकटा होतो असं म्हणायची मला तरी छाती होत नाही.

चहा आला. पिशवी बुडवलेला, पण सोबत खरं दूध. हिनं दोन्ही कपांत भरपूर ओतलं. पर्समधली केळी तशीच परत निघाली. शेजारच्या गृहस्थांनी सामनचा बराचसा तुकडा ताटलीत टाकून दिला होता आणि ते पैसे देत होते. मी हिशेब केला. त्यांचे नऊ दिवस १३ ऑगस्टला सरणार. माझा श्रावण सप्टेंबर उजाडल्याशिवाय सुटत नव्हता. परतीचं विमान २८ ऑगस्टचं.

"काय बघताय?" हिनं विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "तो पारव्ह आहे ना, म्हणून."