पाच तारा आणि जळालेल्या दोन मोटरी

फिलाडेल्फियात जुन्या इमारतींच्या विद्युतव्यवस्थेची तपासणी करून सल्ला देणे हा माझा व्यवसाय आहे. या कामातला निम्मा वेळ जुने नकाशे शोधण्यात आणि उरलेला वेळ ते नकाशे चुकीचे आहेत हे दाखवून देण्यात जातो. शहराच्या मध्यभागातील एका इमारतीने बोलावले तेव्हा तक्रार अगदी साधी वाटली होती. तळघरातील हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याची मोटर ठेकेदाराने बदलली, नवी मोटर जळाली, हमीत मिळालेली दुसरीही जळाली आणि कारखान्याचा मालच सदोष आहे असा निष्कर्ष काढून ठेकेदार मोकळा झाला होता.

दुसऱ्या मोटरीचे झाकण उघडल्यावर वाइंडिंगनेच, म्हणजे आतल्या तारांच्या गुंडाळ्यांनीच, बरेचसे सांगून टाकले. सदोष इन्शुलेशनने मोटर गेली तर बहुधा एका जागी शॉर्ट झाल्याची खूण दिसते. येथे तसे काही नव्हते. एका फेजच्या (परस्परांपेक्षा ठरावीक अंतराने मागे-पुढे चालणाऱ्या वीजप्रवाहांपैकी एकाच्या) कॉइल कोळशासारख्या काळ्या पडल्या होत्या आणि बाकीच्या नुसत्या करपल्या होत्या. व्होल्टेज असमतोल असतानाही मोटर फिरवत ठेवल्याचे हे लक्षण आहे. ओव्हरलोड रिले, म्हणजे मोटरीने जादा प्रवाह ओढला की वीज तोडणारे उपकरण, वारंवार ट्रिप होत होता, म्हणून ठेकेदाराच्या माणसाने त्याचे सेटिंग वाढवून ठेवले होते. रिले तक्रार करतो म्हणून त्याचे तोंड बंद करण्याचा हा उद्योग मी मुंबईत पाहिला आणि अमेरिकेतही पाहतो. या बाबतीत दोन्हीकडच्या कारागिरांत मला काहीही फरक आढळलेला नाही.

पॅनेलमध्ये पाच तारा येत होत्या. ठेकेदाराने त्यांतली एक न्यूट्रल (शून्य दाबाची सामाईक तार) मानली, तीन तारा मोटरीला जोडल्या आणि पाचवी जादा समजून टेप गुंडाळून बाजूला सारली. मीटर लावला तेव्हा न्यूट्रलपासून चारही तारांवर १२० व्होल्ट मिळाले. त्या चारांपैकी काही जोड्यांमध्ये २४० व्होल्ट होते, तर बाकीच्या सर्व जोड्यांमध्ये १७०. ठेकेदारालाही हा १७० चा आकडा दिसला होता, पण वीज कंपनीकडून दाब कमी येतो असे म्हणून त्याने तो सोडून दिला. वास्तविक २४० ला दोनाच्या वर्गमुळाने भागले की १७० येतात. दोन फेज परस्परांशी ९० अंशांच्या कोनात असतील तरच हा आकडा निघतो. फिलाडेल्फियाच्या मध्यभागात काही इमारतींना आजही टू-फेज, म्हणजे असे दोनच फेज असलेली, वीज मिळते हे मला ऐकून माहीत होते. पण तिच्यावर तीन फेजसाठी बनलेली, म्हणजे थ्री-फेज, मोटर चढवलेली मी प्रथमच पाहत होतो.

मोटर फिरत होती, हीच खरी फसवणूक होती. तिला तीन बाजूंनी १७०, १७० आणि २४० व्होल्ट मिळत होते. सरासरीशी ताडून पाहिले तर हा असमतोल २४ टक्के भरतो आणि अमेरिकी मानकानुसार ५ टक्क्यांच्या वर मोटर चालवणे योग्य नाही. अशा पुरवठ्यावर मुख्य फिरत्या चुंबकी क्षेत्राबरोबर उलट दिशेने फिरणारे दुसरे क्षेत्रही तयार होते. ते मोटरीला थांबवत नाही, फक्त आतून तापवत राहते.

जुनी मोटर अजून कोपऱ्यात पडून होती. ओतीव लोखंडाचा तो जाडजूड सांगाडा पुसून नेमप्लेट वाचली, तर तिच्यावर २ फेज, ६० सायकल, २२० व्होल्ट असे स्वच्छ कोरलेले होते. स्टार्टरकडे जाण्यासाठी चार तारा बाहेर काढलेल्या होत्या. ती काढून टाकण्याचे कारण इतकेच, की तिचे बेअरिंग आवाज करत होते. नवी मोटर मागवण्यापूर्वी जुनीची नेमप्लेट वाचण्याचे कष्ट कोणी घेतले असते, तर दोन मोटरी वाचल्या असत्या.

त्या मोटरीच्या नेमप्लेटवर जे होते, ते एसी (प्रत्यावर्ती प्रवाहाच्या) मोटरीच्या अगदी पहिल्या रूपाशी थेट जाऊन भिडते. इटलीतील तुरिन येथे गॅलिलिओ फेरारिस यांनी १८८५ मध्ये काटकोनात ठेवलेल्या दोन कॉइलमधून फिरते चुंबकी क्षेत्र निर्माण केले आणि मार्च १८८८ मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. पण अशा यंत्राची कार्यक्षमता ५० टक्क्यांवर जाणार नाही अशी समजूत करून घेऊन त्यांनी त्याला व्यापारी महत्त्व नाही असे ठरवले. निकोला टेस्लाने १८८७ च्या ऑक्टोबरमध्ये अर्ज केलेली पेटंटे त्याला १ मे १८८८ रोजी मिळाली. त्याच महिन्यात त्याने न्यूयॉर्कमध्ये विद्युत अभियंत्यांपुढे व्याख्यान दिले आणि जुलैत विद्युत यंत्रे बनवणाऱ्या वेस्टिंगहाऊस कंपनीने ते हक्क घेतले. मग टेस्ला पिट्सबर्गला गेला आणि अडचण तेथे आली. वेस्टिंगहाऊसची तेव्हाची व्यवस्था दिव्यांसाठी उभारलेली होती: सिंगल-फेज आणि सेकंदाला सुमारे १३३ सायकल. टेस्लाच्या मोटरीला दोन फेज हवे होते आणि सुमारे ६० सायकल हव्या होत्या. मोटर निर्दोष होती, पण तिला चालवील अशी लाइनच गावात नव्हती, त्यामुळे काही वर्षे हे काम रेंगाळले.

बर्लिनच्या एईजी कंपनीत मिखाईल डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्की यांनी १८८९ मध्ये थ्री-फेजवर चालणारी पिंजरा रोटरची (फिरत्या भागात पिंजऱ्यासारख्या दांड्या असलेली) मोटर तयार केली. मला त्यांचे मोठेपण नुसत्या मोटरीत दिसत नाही. जनित्र, तारा, ट्रान्सफॉर्मर आणि मोटर यांचा त्यांनी एकत्र विचार केला. १८९१ मध्ये लाउफेनच्या जलविद्युत केंद्रात निर्माण केलेली वीज १७५ किलोमीटरवरच्या फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात पोचली आणि तेथे मोटरीने पंप चालवून कृत्रिम धबधबा वाहता केला. समान व्होल्टेजला तेवढीच वीज न्यायची तर चार तारांच्या टू-फेजच्या तुलनेत थ्री-फेजला तीन-चतुर्थांश तांबे पुरते, आणि लांबच्या लाइनीत या हिशोबापुढे कोणाचाच युक्तिवाद टिकला नाही. नायगाऱ्याची १८९५ ची जनित्रे टू-फेज होती, पण तेथून बफेलोला गेलेली लाइन मात्र थ्री-फेज होती. मुंबईच्या गिरण्यांना १९१५ मध्ये खोपोलीची वीज मिळू लागली, तोवर हा निकाल केव्हाच लागून गेलेला होता. म्हणून आमच्याकडच्या अभियंत्याला टू-फेज फक्त परीक्षेतल्या आकृतीपुरते माहीत असते.

टू-फेज हा काही वेडेपणा नव्हता, हे माझ्या कार्यालयातील तरुण सहकाऱ्यांना पटवणे मला अजून जमलेले नाही. जिथे सिंगल-फेजवर दिवे आधीच चालू होते, तिथे दोन फेज दोन स्वतंत्र पुरवठ्यांसारखे वापरता येत, त्यांचे व्होल्टेज वेगवेगळे सांभाळता येई आणि मोटरींसाठी तेच दोन्ही एकत्र मिळत. शहराच्या आतल्या छोट्या अंतरांवर तांब्याची बचत इतकी निर्णायक नसे.

इमारतीच्या मालकापुढे मी तीन मार्ग ठेवले. पहिला, जुन्या मोटरीचे बेअरिंग बदलणे. दुसरा, स्कॉट जोडणीचा ट्रान्सफॉर्मर बसवून टू-फेजमधून थ्री-फेज घेणे. वेस्टिंगहाऊसच्या चार्ल्स स्कॉट यांनी १८९० च्या दशकात हे दोन जगांतले दार उघडून दिले आणि ते दोन्ही बाजूंनी उघडते. तिसरा मार्ग मला मनापासून आवडला होता: जळालेल्यांपैकी एक मोटर टू-फेजसाठी नव्याने वाइंड करून घेणे. तिच्या स्टेटरला (स्थिर भागाला) कॉइल बसवण्याच्या ४८ खाचा होत्या. चार पोलांसाठी (चुंबकी ध्रुवांसाठी) थ्री-फेजला दर पोलाला प्रत्येक फेजच्या वाट्याला चार खाचा येतात आणि टू-फेजला सहा, म्हणजे दोन्हीकडे हिशोब पूर्ण जमतो. खाचा ३६ असत्या तर साडेचार आल्या असत्या आणि कॉइलचे गट कमी-जास्त पाडावे लागले असते. रिवाइंडिंगचा कारागीर हे ऐकून खूश झाला, मालकाचा विमा सल्लागार मात्र झाला नाही.

शेवटी ट्रान्सफॉर्मर बसला. तो मोटरीहून महाग पडला आणि त्याची ऊब आता तळघरात कायमची राहणार. जुन्या मोटरीला नवी बेअरिंग घालून ती राखीव ठेवण्याइतपत मालक तयार झाला. माझ्या मते तीच पुन्हा पंख्याला जोडायला हवी होती, कारण त्या इमारतीत त्या पुरवठ्यासाठी बनलेले यंत्र तेच होते; पण पुढे ती बिघडली तर सुटे भाग कोठून आणणार, या मालकाच्या प्रश्नाला माझ्याजवळ समाधानकारक उत्तर नव्हते. लिफ्टच्या मोटरीही टू-फेजवरच आहेत आणि त्यांचा विषय पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात येणार आहे. तोवर पॅनेलच्या दारावर आतून-बाहेरून पाचही तारांची आकृती आणि व्होल्टेज लिहून लावली आहेत.