नळीतलं पाणी

टिपर परत आला तेव्हा मी दुसऱ्या गाडीखाली आडवा होतो. तरी आवाजावरून ओळखला. इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोची ती लांब शिट्टी पाच महिन्यांपूर्वी मीच वाजती केली होती.

"मिस्त्री, ऑइल खातेय," ड्रायव्हर म्हणाला. "आठवड्याला तीन-चार लिटर टाकावं लागतं." शेठनी ऑइलचा नमुना लॅबला पाठवला होता, त्याचा रिपोर्ट त्यानं खिशातून काढला. सिलिकॉन ५२ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ५२. आधीच्या दोन्ही नमुन्यांत ते १० च्या आत होतं. लोखंड, क्रोमियम, ॲल्युमिनियम, तिन्ही चढलेले.

खोटं कशाला बोलू, मनात आधी पळवाट आली. गॅस्केटला लावतो त्या सीलंटमधूनही ऑइलमध्ये सिलिकॉन उतरतं. पण सीलंटनं क्रोमियम वाढत नाही. क्रोमियम पिस्टनवरच्या रिंगांचं, ॲल्युमिनियम पिस्टनचं, लोखंड पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या लायनरचं. हे सगळे एकदम वर आणि जोडीला सिलिकॉन, म्हणजे इंजिनात माती जातेय. गाडी दगडाच्या खाणीतली. तिथली धूळ म्हणजे बारीक सिलिका, आणि रिंग-लायनरमधला ऑइलचा थर जेमतेम काही मायक्रॉनचा.

पाच महिन्यांपूर्वीची तक्रार वेगळीच होती. भरलेली गाडी चढाला दम तोडायची, काळा धूर ओकायची. डिझेलचा पंप बघितला, नोझल बघितले, ठीक होते. एअर फिल्टर नवा टाकला, तरी फरक शून्य. मग मी ठरवून टाकलं की मूळ एअर क्लीनरच या इंजिनला अपुरा पडतोय. शेठनाही गाडीत काहीतरी 'भारी' बसवायचं होतंच. डबा काढला आणि तेल लावलेल्या सुती जाळीचा मोठा कोन फिल्टर थेट टर्बोच्या पाइपवर चढवला. धूर कमी झाला, शिट्टी घुमली. सकाळच्या गारव्यात गाडी पळायची. दुपारी तितकी नाही, पण ते तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही. किंवा आलं असेल, बोललं कोणी नाही.

आता तो कोन काढला. बाहेरून धुळीनं माखलेला, ते ठीकच. पण पाइपात बोट फिरवलं तर करड्या रंगाची तेलकट पूड बोटाला लागली. क्लॅम्प जिथे सैल झाला होता तिथे गडद पट्टा होता, बाकी पाइपाला आतून सगळीकडे एकसारखा पातळ थर. म्हणजे नुसता क्लॅम्पचा दोष नव्हता, जाळीतूनच धूळ पास होत होती. टॉर्च मारून टर्बोचा पंखा पाहिला. पात्यांच्या पुढच्या कडा खरवडून गेलेल्या.

दुपारी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. हा आधीच मांडायला हवा होता. इंजिन ६ लिटरचं, दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढणार. मिनिटाला २००० फेऱ्या धरल्या तर मिनिटाला ६ घनमीटर हवा, टर्बो पूर्ण भरात असेल तर साधारण दुप्पट. दिवसभराचा सरासरी अंदाज ६ धरला तरी ८ तासांत २८८० घनमीटर. घनमीटरमागे १०० मिलिग्राम धूळ समजू. म्हणजे दिवसाला २८८ ग्रॅम धूळ फिल्टरच्या तोंडाशी येते. कागदी फिल्टर ९९.५ टक्के अडवत असेल तर दीड ग्रॅमच्या आत इंजिनात जाईल. जाळीनं ९७ टक्के अडवली तर साडेआठ ग्रॅम. ९९.५ आणि ९७ ऐकायला शेजारी-शेजारी वाटतात, पण जे आत जातं ते सहापट. महिन्याचे २५ दिवस धरले तर दोनशे ग्रॅमच्या वर. एवढी धूळ समोर ठेवून 'ही इंजिनात टाका' म्हटलं असतं तर शेठनी मला गॅरेजबाहेर काढलं असतं.

तरीही मूळ प्रश्न उरलाच होता. जुना डबा परत बसवला तर गाडी परत चढाला मरणार. मग हवेच्या वाटेत किती अडथळा आहे ते मोजूनच बघू म्हटलं.

गॅरेजच्या कोपऱ्यातून मूळ डबा शोधला, नवा मुख्य फिल्टर आणि त्याच्या आतला नवा सेफ्टी फिल्टर घालून बसवला. पारदर्शक नळी यू आकारात वाकवून एका फळीवर बांधली, शेजारी पट्टी चिकटवली, नळीत शाई मिसळलेलं पाणी भरलं. एक टोक उघडं, दुसरं लांब नळीनं फिल्टर आणि टर्बोच्या मधल्या पाइपाला. फळी केबिनमध्ये बांधली. जागेवर ॲक्सिलरेटर दाबून हे माप मिळत नाही, लोडशिवाय टर्बो पूर्ण हवा ओढतच नाही. म्हणून भरलेली गाडी खाणीच्या चढाला लावली. ड्रायव्हरशेजारी आमचा पोरगा पट्टी वाचायला, मी दाराच्या बाजूला.

"उस्ताद, साडेपंधरा इंच!" पोरगा ओरडला.

अशा डिझेल इंजिनांना हवेच्या वाटेतल्या अडथळ्यासाठी साधारण २५ इंच पाण्याची मर्यादा देतात. साडेपंधरा म्हणजे ठीकच की. मग धूर कसला? दोन मिनिटं मी गप्प. मग डोक्यात उजेड पडला. "अरे, एकाच बाजूचं वाचलंस का? एक बाजू जेवढी चढते तेवढीच दुसरी उतरते. दोन्हींतला फरक सांग." फरक ३१ इंच.

खाली येऊन नळी फिल्टरच्या अलीकडे, डब्याच्या धुळीच्या बाजूला जोडली आणि पुन्हा चढ घेतला. २२ इंच.

म्हणजे नवा फिल्टर आणि डबा मिळून खात होते फक्त ९. बाकीचे २२ हवा फिल्टरपर्यंत पोचायच्या आधीच जात होते. वरच्या तोंडापासून डब्यापर्यंत येणारा रबरी होज पाइप काढला. बाहेरून नवाकोरा वाटावा असा. आत मात्र अस्तर सुटून पदरासारखं लोंबत होतं. इंजिन आयडलला असताना ते निवांत बाजूला, लोडवर जोर लागला की ओढलं जाऊन वाट अडवायचं. मागच्या वेळी मी हा पाइप हातात घेतला होता. दाबून पाहिला होता. आत डोकावलो नव्हतो.

मग कोन लावल्यावर धूर का कमी झाला? कारण कोनाबरोबर हा पाइपही गाडीतून गेला. ३१ इंचांऐवजी सहा-सात इंच. वाचलेले २५ इंच म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ६ टक्के. आणि कोन इंजिनाशेजारची तापलेली हवा ओढत होता. २५ अंश जास्त गरम हवा सुमारे ८ टक्के विरळ होते. दुपारी गाडी का मंदावायची, ते आता कळलं. कमावलं त्यातलं बरंचसं उष्णतेनं परत नेलं, वर धूळ फुकट.

नवा पाइप कडक भिंतीचा आणि मोठ्या वळणाचा घेतला, वरच्या तोंडातून गार हवा येईल असा. सगळं मिळून १३ इंच. वर धूळ फिरवून बाहेर फेकणारा प्री-क्लीनर बसवला, त्यानं आणखी ३ इंच घेतले. ते मी खुशीनं दिले. १६ इंचांवर गाडी चढ घेत होती, मर्यादेला ९ शिल्लक, आणि जाडी धूळ फिल्टरपर्यंत येतच नव्हती.

इंजिन मात्र खोलावं लागलं. रिंगा, लायनर, टर्बोचा पंखा. मजुरी मी घेतली नाही. शेठनीही विचारलं नाही.

डॅशबोर्डवर, अडथळा वाढला की लाल पट्टी दाखवणारा रिस्ट्रिक्शन इंडिकेटर लावला आणि ड्रायव्हरला बजावलं, लाल पट्टी दिसेपर्यंत डबा उघडायचा नाही. कागदावर बसलेला धुळीचा थर स्वतःच बारीक धूळ अडवतो, उगाच काढघाल केली की सील निसटते आणि धूळ पलीकडे सांडते. तो मान डोलावत होता, पण लक्ष इंजिनाच्या आवाजाकडे. "गाडी आता गप्प झाली हो मिस्त्री," एवढंच म्हणाला.

परवा खाणीवर दुसऱ्या कामाला गेलो होतो. टिपर सावलीत उभा, आणि हा माणूस नवा फिल्टर हातात घेऊन टायरवर धपाधप आपटत होता.