नवव्या रेषेवरची लेक

सध्या मुक्काम पोस्ट इंदिरानगर, नाशिक. लेकीच्या उष्टावणासाठी इंग्लंडमधल्या लीड्सहून माहेरी आलेय. आल्या दिवसापासून घरात शिरणाऱ्या प्रत्येकाचं पहिलं वाक्य ठरलेलं, "अगोबाई, किती बारीक आहे ही!" दुसरं माझ्यासाठी, "दूध पुरतं ना गं तुझं?" आणि आत्याचं खास तिसरं, "तिकडची बाळं कशी गुटगुटीत असतात, हिलाच काय झालं?"

लेक सहा महिन्यांची, वजन सहा किलो तीनशे. जन्मताना तीन किलो दीडशे होती, म्हणजे बरोबर दुप्पट. पाच-सहा महिन्यांत दुप्पट आणि वर्षाला तिप्पट हा हिशेब आपल्याकडच्या डॉक्टरांचाच. पण असले हिशेब चहा पिता पिता आत्याला सांगायचे नसतात. माहेरी आलेल्या मुलीने हसून "बघू या" म्हणायचं असतं.

पहिले दोन महिने मात्र हसण्यासारखे नव्हते. तिकडे सगळं सुरळीत असेल तर बाळंतिणीला दुसऱ्या दिवशी घरी पाठवतात. नंतर मिडवाइफ, म्हणजे प्रशिक्षित सुईण, घरी येते, बाळाला पूर्ण उघडं करून काट्यावर ठेवते. पहिल्या काही दिवसांत वजन उतरतंच, दहा टक्क्यांपर्यंत उतरलं तरी सहसा घाबरायचं नसतं. बहुतेक बाळं दोन आठवड्यांत जन्मवजनावर परत येतात. आमची आली नाही. मग सुरू झालं ते चक्र: आधी अंगावर पाजायचं, मग पंपाने दूध काढायचं, मग ते बाटलीने द्यायचं, कमी पडलं तर वरचं दूध, मग बाटल्या उकळायच्या. हे उरकेपर्यंत पुढच्या पाजण्याची वेळ झालेली. नवऱ्याची रजा दोन आठवड्यांची, ती संपली. आईचा व्हिसा वेळेत झाला नाही. बाहेर चार वाजता अंधार, आणि घरात मी, बाळ आणि पंपाची घरघर.

माझे रात्रीचे दोन म्हणजे आईचे सकाळचे साडेसात. ती फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि पोळ्या लाटता लाटता चौकशी करायची. हळिवाची खीर घेतलीस का, पाठ शेकलीस का, बाळाने शू किती वेळा केली. शेवटचा प्रश्न मला फार जुनाट वाटायचा. एके दिवशी मिडवाइफने वही उघडून हेच विचारलं. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत किमान सहा जड, ओले लंगोट. पोटात दूध जातंय का हे घरच्या घरी ओळखायचं ते यावरूनच. वजन काय, चार दिवसांनी कळणार.

फरक शेवटी पडला तो बाळाची स्तनावरची पकड सुधारल्यावर. वस्तीतल्या बालकेंद्रात स्तनपानाला मदत करणाऱ्या बायका बसतात, कुणीही जावं. त्यातल्या एकीने माझे खांदे खाली दाबले, बाळाचं नाक स्तनाग्रासमोर आणलं आणि डोकं मागे झुकू दिलं. हनुवटी आधी टेकली, तोंड मोठं उघडलं, नाक मोकळं राहिलं. पहिल्यांदा गिळण्याचा आवाज नीट ऐकू आला. वरचं दूध त्यानंतर हळूहळू कमी झालं. आणि नसतं झालं तरी चाललं असतं, हे मी मुद्दाम लिहिते, कारण "डबा लावलास?" (म्हणजे पावडरचं दूध सुरू केलंस?) हा प्रश्न नाशकात ज्या सुरात विचारतात त्या सुरात पोलीस चौकशी करतात.

आता त्या रेषेबद्दल. ब्रिटनमध्ये प्रत्येक बाळाला एक लाल वही मिळते, तिला रेड बुकच म्हणतात. त्यात वाढीचा आलेख असतो आणि त्यावर नऊ वक्र रेषा: ०.४, २, ९, २५, ५०, ७५, ९१, ९८ आणि ९९.६. यातली ९ आकड्याची, म्हणजे नववी रेषा: त्याच वयाच्या शंभर मुलींपैकी साधारण नऊ हिच्यापेक्षा हलक्या आणि एक्क्याण्णव जड. माझी लेक जन्मताना पंचविसाव्या रेषेवर होती, घसरून नवव्यावर आली आणि तेव्हापासून तिथेच समांतर चालली आहे. आपण परीक्षांच्या टक्केवारीत वाढलेली माणसं, नऊ हा आकडा दिसला की पोटात गोळा येतो. पण हे गुण नव्हेत. पन्नासावी रेषा म्हणजे पास होण्याची रेषा नाही. निम्मी मुलं तिच्याखालीच असणार, कितीही खीर पाजा.

डॉक्टर बघतात ते बाळ आपली रेषा सोडून किती खाली गेलं ते. ब्रिटनमधल्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार जन्मवजन नवव्या ते एक्क्याण्णवाव्या रेषेच्या दरम्यान असेल, तर दोन किंवा अधिक पट्ट्या (पट्टी म्हणजे शेजारच्या दोन रेषांमधलं अंतर) घसरल्यावर काळजीने तपासायचं. जन्मतःच नवव्या रेषेखाली असलेल्या बाळाची एक पट्टी घसरली तरी लक्ष द्यायचं. आमची घसरण एका पट्टीची. शिवाय वाढीचा वेग कमी होतोच. दुसऱ्या महिन्यात मुली सरासरी नऊशे ग्रॅमच्या आसपास वाढतात, सहाव्या महिन्यात चारशेच. "आधी कशी भराभर भरत होती, आता थांबलीच" असं म्हणणाऱ्या आईला दोष नाही, पण हे सांगायला कोणीतरी हवं. वजनही सारखं करायचं नाही. पहिल्या दोन आठवड्यांनंतर सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा पुरे, पुढे वर्षापर्यंत दोन महिन्यांतून एकदा. रोजच्या वजनात पोटातलं दूध आणि लंगोटातली शू यांचाच चढउतार दिसतो.

हे सगळं ज्ञान शेजारच्या काकांपुढे निष्प्रभ ठरलं. काकांकडे स्वतःचं वजन बघायचा काटा आहे. ते लेकीला घेऊन काट्यावर चढले, मग तिला माझ्या हातात देऊन एकटे चढले, वजाबाकी केली आणि जाहीर केलं, "पाच किलो आठशे. प्रवासात अर्धा किलो उतरली पोरगी." आईचा चेहरा पडला. काका पुन्हा चढले. आता सहा किलो सहाशे. तिसऱ्यांदा मी चढू दिलं नाही. सत्तर-बहात्तर किलोच्या माणसासाठी केलेल्या काट्यावर पाच-सातशे ग्रॅम इकडेतिकडे म्हणजे काहीच नाही. बाळाच्या आलेखावर तेवढ्यात एखादी रेषा सहज ओलांडली जाते.

सोडवणूक केली आईच्या जुन्या ओळखीच्या अंगणवाडी सेविकेने. सिडकोत राहतात, उष्टावणाला आल्या होत्या. मी लाल वही दाखवली. त्यांनी आकडे बघितले, आपल्या मोबाइलमधला आलेख पुढे केला, वय आणि वजन यांवर बोट सरकवत नेलं आणि म्हणाल्या, "ताई, हिरव्यात आहे. कशाला जिवाला घोर?" इंग्लंडमधल्या वहीत दोन आठवड्यांनंतरच्या वजनाच्या ज्या रेषा आहेत, त्याच जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६च्या मानकांवरून आपल्या अंगणवाडीतही मुलं मोजतात. हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

त्याआधी जगभर वापरात होता तो १९७७चा अमेरिकी आलेख. त्यातली तान्ही बाळं ओहायोतली आणि बरीचशी बाटलीच्या दुधावरची. त्या आलेखावर अंगावर पिणारी धडधाकट बाळं काही महिन्यांनी उगाचच मागे पडलेली दिसायची आणि आयांना वरचं सुरू करा म्हणून सांगितलं जायचं. नवी मानकं करताना ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतली मुलं घेतली. आपली दिल्लीतली. घरची परिस्थिती बरी, आई धूम्रपान न करणारी, बाळ अंगावर पिणारं. अशा घरांत सहाही देशांतली मुलं उंचीला जवळपास सारखी वाढली. म्हणजे "आपली मुलं अंगापिंडाने बारीकच" हे काकांचं म्हणणं आणि "तिकडची कशी गुटगुटीत" हे आत्याचं, दोन्ही एकाच दमात निकालात निघतात. (दोघांपैकी कुणालाही हे पटलेलं नाही.)

उष्टावण थाटात झालं. मामाच्या मांडीवर, सराफ बाजारातून आणलेल्या चांदीच्या वाटीतून खिरीचं बोट चाटवलं. मध चाटवायला मी ठाम नकार दिला. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातल्या जिवाणूंमुळे बॉट्युलिझम होऊ शकतो, दुर्मीळ पण जिवावरचा आजार. आजी दोन तास बोलली नाही.

खरी लढाई त्यानंतरची, डाळीच्या पाण्याची. आईच्या मते सगळं सत्त्व त्या पाण्यात. प्रत्यक्षात वरचं पाणी म्हणजे पाणीच. बाळाचं पोट मुठीएवढं, ते पाण्याने भरलं तर ना दूध जाणार ना अन्न. सहा ते आठ महिन्यांत अंगावरच्या दुधाशिवाय रोज साधारण दोनशे कॅलरी वरच्या अन्नातून जायला हव्यात. म्हणून सेविकाताईंचा नियम मला आवडला: चमचा तिरका केला तर घास लगेच ओघळता कामा नये. घोटलेलं वरण-भात, वर तूप. आणि लोहासाठी डाळी, अंडं, खात असाल तर मटण-चिकनही. या वयात जन्मतःचा लोहाचा साठा आटत आलेला असतो.

नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, सत्त्वावर मात्र आमचं एकमत आहे. पेठ-सुरगाण्याकडची नागली घरी येते. आई ती रात्रभर भिजवते, फडक्यात बांधून मोड आणते, सावलीत वाळवते, किंचित भाजून दळते आणि मलमलच्या कापडातून गाळते. मोड आल्यावर धान्यातला स्टार्च सुटा होतो, त्यामुळे तेवढ्याच पिठाची लापशी पातळ होते आणि त्याच वाटीत जास्त पीठ मावतं. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. मीठ-साखर आम्ही वर्षापर्यंत घालत नाही. आई चव बघून तोंड वाकडं करते आणि निमूट भरवते.

भरवण्यावरून रोज सकाळी खटका उडतो. लीड्समध्ये मी लेकीला खुर्चीत बसवून उकडलेल्या गाजराची लांब फोड हातात देते. इथे आई तिला मांडीवर घेते, एक चिऊचा, एक काऊचा, एक मामाचा. लेकीने मान फिरवली की माझ्या दृष्टीने जेवण संपलं; आईच्या दृष्टीने अजून आत्याचा घास बाकी. काल लेकीने तो आत्याच्याच साडीवर थुंकला. पुढचं वजन परत गेल्यावर, दोन महिन्यांचं अंतर ठेवून. तोवर काकांचा काटा आईनेच माळ्यावर टाकायला लावलाय.