जोडलाच नव्हता त्या नळावर क्षार कुठून आले?

बाथरूममध्ये नवा मिक्सर, म्हणजे गरम-गार पाण्याचा एकत्र नळ, बसून महिना झाला, तरी ते 18 दिवस आठवले की माझा संताप होतो.

बाथरूमची तोडफोड, वॉटरप्रूफिंग, फरशी, सगळं ठरल्या वेळेत झालं. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. घोळ झाला तो अगदी शेवटी. मिस्त्रीने टाइलचे जॉइंट भरले, वर सिमेंटचा पांढरट थर राहिला, आणि तो काढायला त्याने ॲसिड मारलं. खिडकी बंद, दार ओढून घेतलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर उग्र वास तसाच कोंडलेला, आणि बेसिनच्या कोऱ्या मिक्सरवर करडे ठिपके. शॉवरच्या डायव्हर्टरची (पाणी नळाकडे की शॉवरकडे ते वळवणाऱ्या खटक्याची) प्लेट तशीच डागाळलेली. मोरीवरची स्टीलची जाळी तांबूस. कोरड्या फडक्याने पुसलं, ओल्याने पुसलं, डाग हलेना. हौसेने निवडलेली वस्तू एकदाही वापरायच्या आत अशी झाली, रडूच आलं मला.

मिस्त्री म्हणाला, "ताई, मी नळाला हातसुद्धा लावला नाही." तो खरंच बोलत होता. मला हे उशिरा कळलं की ॲसिड नळावर सांडावंच लागत नाही. फरशी धुवायचं हे ॲसिड म्हणजे पाणी घातलेलं हायड्रोक्लोरिक ॲसिड. त्याची वाफ बंद खोलीत धातूवर बसते. क्रोमचा मुलामा अगदी पातळ असतो, तो ती खाते, आणि स्टेनलेस स्टीललाही गंज चढवते. नळ प्लास्टिकमध्ये गुंडाळला तरी फटीतून वाफ जाते, म्हणून खात्रीचा उपाय एकच: धुणं, सुकणं सगळं उरकल्यावरच नळ आणि प्लेटा बसवायच्या. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर!

मग सुरू झाली टोलवाटोलवी. कॉन्ट्रॅक्टर म्हणाले, "ताई, हे पाण्याचे क्षार आहेत. तुमच्याकडचं पाणी जड आहे." प्लंबर म्हणाला, "माल हलका लागला असेल, कंपनीला विचारा." मिस्त्री तोवर दुसऱ्या कामावर गेला होता. रोज फोन, रोज तेच उत्तर, "उद्या येऊन बघतो." तो उद्या 18 दिवस उजाडला नाही. मधल्या काळात शेवटच्या हप्त्याची मागणी मात्र न चुकता येत होती. "आधी हिशेब पूर्ण करा, नळाचं मग बघू." आरसा आणि दाराची कडी लावायची राहिली होती, त्यासाठीही माणूस पाठवेनात. घरचे म्हणाले, देऊन टाक, वाद नको. एका संध्याकाळी मी खरंच पैसे द्यायला निघाले होते, इतकी थकले होते. नाही दिले, हे फार बरं केलं. हातात तेवढीच एक दोरी होती.

क्षारांचं ते कारण माझ्या डोक्यातून जाईना. एक दिवस मी व्हिनेगरमध्ये भिजवलेली चिंधी डागावर दहा मिनिटं ठेवली. पाण्याच्या क्षारांचा पांढरा थर व्हिनेगरने विरघळतो. माझे डाग होते तसेच राहिले, बोटाला खड्डे लागत होते. (क्रोमवर व्हिनेगर जास्त वेळ ठेवू नका, लगेच धुऊन टाका.) आणि बेसिनखाली वाकून बघते तर काय, मिक्सरला पाण्याचे पाइप जोडलेलेच नव्हते! ते पाइप प्लंबरच आणणार होता. ज्या नळातून एक थेंब पाणी गेलं नाही, त्यावर क्षार कुठून येणार? मग दाराच्या बिजागऱ्या बघितल्या. पाणी कधी न पोचणारी जागा, तिथेही तेच तांबूस ठिपके. सगळ्याचे जवळून फोटो काढले. नशिबाने मिक्सर बसवला त्या दिवशी बहिणीला दाखवायला मी फोटो पाठवला होता, तो तारखेसकट मोबाइलमध्ये सापडला. नळ बसतो त्या दिवशी फोटो काढाच, कौतुक म्हणून तरी काढा.

एवढं दाखवूनही कॉन्ट्रॅक्टर म्हणाले, "डायव्हर्टर भिंतीत आहे. बदलायचा तर नवी टाइल फोडावी लागेल. चालेल का?" मी घाबरले. तोंड बंद करायला तेवढं पुरेसं होतं.

शेवटी कंपनीच्या सर्व्हिसवाल्याला बोलावलं. त्याने टॉर्च मारून बघितलं आणि सांगितलं, "हे ॲसिडने झालंय, वॉरंटीत बसत नाही." आधी मी खचले. मग लक्षात आलं की मला हवं होतं ते हेच! मी म्हटलं, दादा, एवढं वाक्य रिपोर्टवर लिहून द्या. त्याने लिहिलं, "ॲसिडच्या वाफेने मुलामा खराब." जाता जाता म्हणाला, भिंत कशाला फोडता, आतलं युनिट तसंच राहतं, बाहेरची प्लेट आणि मूठ वेगळी मिळते. ज्या भीतीने मी गप्प बसले होते, ती त्या माणसाने दोन वाक्यांत घालवली.

रिपोर्टचा फोटो पाठवला त्याच संध्याकाळी कॉन्ट्रॅक्टर घरी हजर. मिक्सर, प्लेट, मूठ, जाळी आणि बसवण्याची मजुरी शेवटच्या हप्त्यातून वजा केली, कागदावर लिहिलं, दोघांच्या सह्या झाल्या. "मी आणून देतो" म्हणत होते, त्याला मी ठाम नाही म्हटलं. तेच मॉडेल मी स्वतः आणलं आणि बिल जपून ठेवलंय.

एक सांगायचं राहिलं. जॉइंटचा माल ओला असतानाच ओल्या स्पंजने टाइल नीट पुसली तर पुष्कळदा ॲसिडची वेळच येत नाही. मिस्त्रीला काम सुरू करण्याआधी हे सांगा, आणि समोर उभं राहून करून घ्या. ॲसिड वापरलंच तर खिडकी उघडी हवी, नंतर भरपूर पाणी हवं, आणि त्यात ब्लीच चुकूनही मिसळू देऊ नका, विषारी वायू तयार होतो.

आरसा लागला, कडीही लागली. बिजागऱ्या तेवढ्या त्या कागदात लिहायच्या राहिल्या, त्या मी स्वतःच्या पैशाने बदलल्या.