समानार्थी म्हणून पाठ केलेले शब्द

स्मरणिकेत आठवणी लिहायच्या असतात. माझी आठवण वहीतल्या एका ओळीची आहे : ‘गर्व = घमेंड, ताठा, तोरा, माज, मिजास’. परीक्षेला ही ओळ चालली. वाक्यात चालत नाही.

तोरा मिरवतात, घमेंड जिरते, माज चढतो आणि उतरतो, गुर्मीत बोलतात. ‘तोरा चढला’ म्हणून पाहा, कान लगेच हरकत घेतो. माज जनावराचाही. गाय माजावर येते. म्हणून माणसाला लावला की शब्द शिवीकडे झुकतो. ताठा मानेत आणि पाठीत दिसतो, न बोलताही. आढ्यतेचं वेगळंच : संस्कृतात ‘आढ्य’ म्हणजे श्रीमंत. त्यामुळे आढ्यतेमागे पैसा, विद्या, पद असं काहीतरी असावं लागतं. घमेंड रिकाम्या खिशालाही परवडते.

सगळ्यात फसवा शब्द ‘शिष्ट’. शिष्टाचार, शिष्टमंडळ इथे तो मानाचा. पण ‘फार शिष्ट आहे हं ती!’ म्हणजे ती कुणाशी धड बोलत नाही. स्वर बदलला की अर्थ उलटा. ‘अभिमान’ संस्कृतात घमेंडीलाही चालतो, मराठीत मात्र तो चांगला. वाईटासाठी आपण ‘दुरभिमान’ म्हणतो. आणि ‘मला गर्व आहे’ हे हिंदीच्या वळणाचं. ज्या भाषेत गर्वाचं घर खाली असतं, तिथे अभिमानच वाटावा.

तुच्छतेच्या बाजूला शब्द आणखी बारीक होतात. ज्याचा तिरस्कार करतो, तो निदान डोक्यात तरी असतो. तुच्छ लेखलेला हलका ठरतो. उपेक्षेत त्याच्याकडे पाहिलंही जात नाही. हेटाळणीला तोंड लागतं, आणि बहुधा ऐकणारे चारजण. प्रत्ययही सांभाळावे : त्याचा तिरस्कार, त्याची उपेक्षा, पण त्याला तुच्छ लेखणं, त्याला हिणवणं. ‘त्याचं हिणवलं’ होत नाही. खिजगणती तर नकाराशिवाय येतच नाही. ‘तो माझ्या खिजगणतीत आहे’ असं कोण म्हणतं?

राहिलं शुद्धलेखन. ‘गर्विष्ठ’मध्ये ठ, कारण त्यातला ‘इष्ठ’ हा श्रेष्ठ-कनिष्ठांच्या पंगतीतला, ‘सर्वांत जास्त’ दाखवणारा संस्कृत प्रत्यय आहे. ‘शिष्ट’मध्ये मात्र ट. दोन्हींची सरमिसळ अजूनही छापून येते.