केमिकल बी, फास्टनर बी

सोमवारी सकाळी साडेसातला शिरोलीतल्या एका फाउंड्रीतून फोन आला. मेंटेनन्सचे साहेब होते. "जिब क्रेन हलायला लागलीय. बेस प्लेटचे नट आवळतोय, चार दिवसांत परत ढिले. येऊन बघता काय?" सोमवार त्या कारखान्याचा सुट्टीचा वार, म्हणजे भट्टी बंद आणि शेड मोकळी. ड्रिल, ठरावीक जोरानं नट आवळायचा टॉर्क रेंच आणि बोल्ट ओढून त्याची पकड मोजणाऱ्या पुल-आउट टेस्टरची पेटी गाडीत टाकली, हाताखालच्या पोराला घेतलं आणि तावडे हॉटेलवरून पंचगंगेचा पूल ओलांडून नऊच्या आत पोचलो.

सोळा वर्षं मी कोल्हापूर आणि आसपासच्या एमआयडीसींत अँकरिंगचीच कामं घेतोय. जुन्या काँक्रीटमध्ये सळ्या बसवायच्या, मशीनचे पाय जखडायचे, शेडचे कॉलम उभे करायचे. काँक्रीटमध्ये रुतवलेला असा बोल्ट म्हणजे अँकर. तो दोन तऱ्हांनी धरतो: भोकात चिकटवणारं केमिकल भरून, नाहीतर आत फाकणारा फास्टनर ठोकून. भोक पाडून बोल्ट घालायचा, यात काय एवढं, असं बऱ्याच जणांना वाटतं. त्या सोमवारी जे हातात आलं ते सगळ्यांनी बघावं असं होतं, म्हणून लिहितोय.

जिब क्रेन म्हणजे उभ्या खांबावर फिरणारा आडवा हात. ही एक टनाची. नॉकआउटच्या, म्हणजे साचे फोडायच्या जागेच्या, शेजारी उभी. साच्यातून निघालेलं कास्टिंग उचलायचं आणि हात फिरवून फेटलिंगकडे, म्हणजे माल घासून साफ करतात तिथं, ठेवायचं, हे तिचं दिवसभराचं काम. खाली गोल बेस प्लेट आणि तिला २० मिलिमीटरचे आठ अँकर. जिब क्रेनमध्ये वजन ज्या बाजूला लटकतं त्याच्या पाठीमागचे बोल्ट वर ओढले जातात. हात फिरला की ओढ पुढच्या बोल्टवर जाते. म्हणजे प्रत्येक बोल्टला पाळीपाळीने हिसका, दिवसातून शेकडो वेळा. त्यात शेजारी नॉकआउटचा थरथराट.

प्लेटजवळ फिटर मामा उभे होते. पन्नाशी ओलांडलेले, त्याच फाउंड्रीत उभं आयुष्य गेलेलं. मला बघताच म्हणाले, "हे मीच बसवलंय साहेब. आत केमिकल बी भरलंय आन् वरनं फास्टनर बी ठोकलाय. डबल केलंय. मग हलतंय कसं?" त्यांच्या आवाजात खरोखरचं कोडं होतं. हयगय करणारा माणूस पदरचा वेळ घालून दुप्पट काम करत नाही.

टॉर्क रेंच लावला. तीन नट धरून होते. चौथ्याला नटाबरोबर अख्खा रॉडच फिरला. पाचव्यावर टेस्टर बसवला आणि पंप मारायला लागलो. काटा जेमतेम सहा किलोन्यूटनपर्यंत गेला, म्हणजे सहाशे किलोच्या आसपास, आणि तिथून वर चढेचना. पंप मारावा तेवढा रॉड वर येत राहिला. शेवटी टेस्टर काढला आणि रॉड हातानं उपसून घेतला.

तो मी उजेडात, दारापाशी नेऊन बघितला. रॉडभोवती वाळलेल्या केमिकलचं अखंड नळकांडं होतं, कुठं टवका उडालेला नाही. त्याच्या बाहेरच्या अंगाला राखाडी भुकटीचा थर, बोट फिरवलं की बोटाला लागणारा. काँक्रीटचा एक कणही तुटून आलेला नव्हता. खालच्या टोकाला फास्टनरची क्लिप होती, ती पत्र्याची कडी जी फाकून भोकाच्या भिंतीत रुतायला पाहिजे. ती मिटलेलीच. फटींत केमिकल जाऊन कडी आणि तिच्या खालचा शंकू एकजीव झाले होते. मी नखानं खरवडून बघितलं, हललं नाही.

मामा वाकून बघत होते. मी त्यांना विचारलं, "मामा, घरात पोळ्या लाटताना पोळपाटावर पिठी कशासाठी टाकतात?"

"चिकटू नये म्हणून."

"भोकातली धूळ तेच करते."

ते गप्प झाले. मग म्हणाले, "फुंकलं होतं की तोंडानं."

तोंडाच्या फुंकरीनं वरची धूळ जाते. भिंतीला चिकटलेला बारीक थर तारेचा ब्रश फिरवल्याशिवाय सुटत नाही, आणि सुटल्यावर परत हवेनं बाहेर काढावा लागतो. आपल्याकडे खडी काळ्या दगडाची. ड्रिल तिच्यातून जाताना मैद्यासारखी पूड पडते आणि भोकाच्या भिंतीवर बसून राहते. केमिकल त्या पुडीला घट्ट चिकटतं, पूड मात्र काँक्रीटला चिकटलेली नसते.

आता दुसरी बाजू. ठोकायचा फास्टनर पाचरीवर चालतो. कुऱ्हाडीच्या दांड्यात पाचर मारली की लाकूड फाकतं आणि पातं धरतं, तसंच. नट आवळला की रॉड वर ओढला जातो, टोकाचा शंकू कडीत घुसतो, कडी फाकते आणि भोकाच्या भिंतीवर दाब देते. त्या दाबातून घर्षण, आणि घर्षणावर सगळी पकड. त्यासाठी कडी शंकूवर सरकायला मोकळी पाहिजे आणि भिंत कोरडी, खरबरीत पाहिजे. मामांनी ओल्या केमिकलमध्ये फास्टनर ठोकला आणि पक्कं होऊ दे म्हणून रात्रभर सोडला. सकाळी नट आवळला तेव्हा पाचर कडीला जन्मभराची चिकटलेली. राहिला भार केमिकलवर. पण फास्टनरच्या अंगाला बराच भाग आटे नसतात, गुळगुळीत असतो, केमिकलच्या रॉडसारखी पूर्ण लांबीची चूड नसते. म्हणजे आतल्या बाजूला धरायला अंग नाही आणि बाहेरच्या बाजूला पिठी. दोन्ही पद्धतींनी एकमेकींचे पाय बांधून ठेवले होते.

मेंटेनन्सचे साहेब म्हणाले, "मग चार केमिकलचे आणि चार ठोकायचे, असं केलं तर?" हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. एका प्लेटवर असं मिसळू नये. दोन्हींचा ताठपणा वेगळा. ओढ आली की जो आधी सरकायचा थांबतो तो सगळं ओझं अंगावर घेतो आणि दुसरा नुसता उभा असतो. आठ बोल्ट मोजायचे आणि काम चौघांनी करायचं, तेही पुढेमागे.

एकत्र करण्याची योग्य रीत आहे, पण ती अँकरच्या आतच करावी लागते. त्यासाठी वेगळा रॉड मिळतो. साधा चुडीचा नसतो, त्याच्या खालच्या भागात एकावर एक शंकू घडवलेले असतात, निमुळती टोकं वरच्या दिशेला. भोकात केमिकल भरून हा रॉड बसवायचा आणि ते कडक झाल्यावर टॉर्क द्यायचा. टॉर्कनं रॉड किंचित वर सरकतो आणि प्रत्येक शंकू आपल्याभोवतीच्या केमिकलच्या कडक मसाल्यात पाचरीसारखा घुसतो. मसाला उभा चिरतो, त्याच्या फाकी होतात आणि त्या भोकाच्या भिंतीवर दाबल्या जातात. म्हणजे फाकायची कडी इथं मसाल्याचीच असते, भोकाच्या मापाची, जागच्या जागी ओतलेली. चिकटपणा आहे आणि दाबही आहे. पुढे काँक्रीटला बारीक चीर गेली आणि भोक केसभर रुंदावलं, तर साधं केमिकल तिथं पकड सोडायला लागतं. हा रॉड केसभर वर सरकतो आणि शंकू पुन्हा फाकवतात. हिसके खाणाऱ्या या क्रेनला मला हेच हवं होतं.

पण त्याआधी जागेचा प्रश्न होता. प्लेटच्या कडेपासून नॉकआउटचा खड्डा हातभरसुद्धा लांब नव्हता. जमीन झाडून घेतली आणि ओल्या फडक्यानं पुसली. पाणी सुकत आलं तशी एका बोल्टपासून खड्ड्याच्या कडेपर्यंत काळी रेघ उमटली. चीर. अँकर उपटतो तेव्हा काँक्रीटचा उलट्या शंकूसारखा तुकडा धरून येतो, आणि त्याचा पसारा प्रत्येक बाजूला खोलीच्या दीडपट धरतात. १७० मिलिमीटर खोलीला २५५ मिलिमीटर. तेवढं अंग कडेच्या बाजूला नसेल तर अँकर कितीही भारी घाला, काँक्रीटच फुटतं. शंकूचा रॉडही दाब देतोच, त्यालाही कड सोसत नाही.

मी सांगितलं, क्रेन पाऊण मीटर आत घ्या. मालक घरून आले. "हात पोचणार न्हाई वो मग. नॉकआउटवरनं माल उचलायचा कसा?" एक तास त्यावर गेला. शेवटी मालकांनी स्वतःच टेप धरला. नॉकआउटपुढची ट्रॉली पुढे ओढली की हात पोचत होता. रूळ वाढवायचा खर्च त्यांनी मान्य केला, आणि तोही कुरकुर न करता. चीर त्यांनी डोळ्यांनी बघितली होती.

हायड्रा क्रेन बोलावून कॉलम उतरवला. नव्या जागी डिटेक्टर फिरवून सळ्या कुठून जातात ते खडूनं आखलं, प्लेटचाच साचा करून आठ भोकं मारली, २२ मिलिमीटरची. तिथली जमीन तीनशे मिलिमीटरची निघाली, त्यामुळे खोलीची काळजी नव्हती. मग साफसफाई. तळापासून हवा, ब्रश, परत हवा, परत ब्रश, परत हवा. अशा शंकूच्या काही रॉडना ठरावीक परिस्थितीत भोक साफ न करण्याची मुभा कंपनीच्या कागदावर असते. ती मुभा मी घेत नाही. कागद लिहिणाऱ्यानं फाउंड्रीतली वाळू आणि कोळशाची पूड बघितलेली नसते. ब्रश मी मामांच्या हातात दिला. आठव्या भोकापर्यंत त्यांनी एकही फेरी चुकवली नाही. ब्रश भोकात शिरताना अडला पाहिजे, सैल गेला तर झिजलाय, टाकून द्यायचा, हे एकदा सांगितल्यावर त्यांनी दर वेळी भोकाच्या तोंडाशी तो अडतोय ना ते बघितलं.

केमिकल भरताना नव्या नॉझलमधून येणारा पहिला माल फेकून द्यावा लागतो, कारण दोन्ही भाग एकरंगी मिसळलेले नसतात. तळापासून भरत वर यायचं, मध्ये हवा अडकू द्यायची नाही. रॉड फिरवत आत घातला की तोंडाशी थोडा मसाला वर आलाच पाहिजे. आला नाही तर आत पोकळी आहे. आठही भोकांच्या तोंडाशी आला.

जमिनीचं तापमान ३१ अंश होतं. त्या तापमानाला केमिकल कडक व्हायला कार्ट्रिजवरच्या तक्त्यात तासाभराची वेळ होती, मी दोन तास कुणाला हात लावू दिला नाही.

त्या दोन तासांत मामा चहा घेऊन माझ्याजवळ येऊन बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. उपटून आलेला तो जुना अँकर त्यांच्या मांडीवर होता. मग हळू आवाजात म्हणाले, "साहेब, एक सांगू काय? वर बी मीच लावल्यात. असंच डबल करून."

"वर म्हणजे?"

त्यांनी मान वर केली. शेडच्या एका बाजूला ऑफिसचा आरसीसी स्लॅब पुढे आला होता, आणि त्याच्या पोटाला धूळ ओढणाऱ्या डक्टचे हँगर लटकत होते. चौदा अँकर. खाली फेटलिंगची सहा माणसं बसतात.

अंगावर काटा आला. क्रेनचा बोल्ट ढिला झाला तर प्लेट हलते, आवाज येतो, कुणीतरी बघतं. छताच्या अँकरवर ओढ चोवीस तास असते आणि केमिकल अशा सततच्या ओढीत सावकाश ताणत जातं, काही दिसत नाही. अमेरिकेत बॉस्टनला १० जुलै २००६ रोजी बोगद्यातल्या छताचे काँक्रीटचे पॅनेल एका गाडीवर कोसळले आणि आतली बाई गेली. तपासात निघालं की लवकर कडक होणारं इपॉक्सी सततच्या ओझ्याखाली सरकत गेलं होतं. जपानात सासागो बोगद्यात २ डिसेंबर २०१२ रोजी छताचे पॅनेल पडून नऊ माणसं गेली. तिथंही पॅनेल लटकवणारे बोल्ट केमिकलचेच होते. या दोन्ही घटना मी माझ्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो. इथं तर डक्टमधून गरम हवा जाते, आणि उष्णता वाढली की केमिकलची ताकद उतरते.

मी मामांना म्हटलं, "चला, आत्ताच साहेबांना सांगू." ते कचरले. नोकरीचा प्रश्न होता. मी सोबत गेलो आणि आधी मीच बोललो की हे यांनी स्वतः होऊन सांगितलंय, आज यांनी सांगितलं नसतं तर कुणाला कळलं नसतं. साहेबांनी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं आणि पहिलं वाक्य बोलले ते असं, "मामा, दोरी कुठाय? खालची जागा बंद करूया." पंधरा मिनिटांत डक्टखाली दोरी बांधली, लाल फडकी लावली, आणि फेटलिंगचे बाक दुसऱ्या बाजूला नेले.

संध्याकाळी नव्या आठपैकी तीन रॉड ४० किलोन्यूटनला ओढून बघितले, म्हणजे सुमारे चार टन. काटा स्थिर राहिला, रॉडच्या मुळाशी केसाएवढीही रेघ नाही. कॉलम उभा करून प्लेटखाली ग्राउट भरला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी १५० न्यूटन मीटरचा टॉर्क दिला. या रॉडला टॉर्क म्हणजे शेवटची औपचारिकता नव्हे, शंकू फाकवणारा हात तोच. प्रत्येक नट मामांनीच आवळला, रेंच टक् वाजेपर्यंत, आणि नटावरून प्लेटवर पिवळ्या रंगाची एकेक रेघ मारली. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते.

पुढच्या सोमवारी मचाण बांधून वरचे चौदा अँकर तपासले. पाच अँकर दोन किलोन्यूटनच्या आतच निसटले. राहिलेल्या नऊंवरही मी विसंबलो नाही. तिथं केमिकल नको आणि ठोकायचा फास्टनरही नको, असं ठरवलं. स्लॅबच्या वर जाता येत होतं, म्हणून आरपार भोकं मारून वरून जाड प्लेट आणि खालून डबल नट असे बोल्ट टाकले. ऑफिसातल्या फरशा फोडाव्या लागल्या. मालक स्वतः उभे राहून फरशीवरच्या खुणा बघत होते, आणि खाली मचाणावर मामा एकेक जुना अँकर काढून पत्र्याच्या डब्यात टाकत होते, मोजत.