शेवटच्या रांगेतली खुर्ची

४ जून, रात्री

आज अभिनेत्री सुलभा देशपांडे यांचा स्मृतिदिन. २०१६ साली याच तारखेला त्या गेल्या. सकाळी कॅलेंडरकडे लक्ष गेलं आणि दिवसभर मनात राहिल्या त्या मात्र आमच्या नाटकाच्या बाई. सुलभाताईंना मी पाहिलं ते प्रेक्षकांतूनच. पण बाईंच्या तोंडी त्यांचं नाव इतकं असायचं, की एकीची आठवण आली की दुसरीची येतेच.

सुलभाताई आधी दादरच्या छबिलदास शाळेत शिकवायच्या, याचं बाईंना केवढं अप्रूप! ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकातली बेणारे ज्यांनी उभी केली, त्या आपल्यासारख्याच शाळेतल्या बाई. १९७१ मध्ये अरविंद देशपांडे आणि अरुण काकडे यांच्यासोबत त्यांनी ‘आविष्कार’ ही नाट्यसंस्था काढली, १९७४ पासून छबिलदासच्या सभागृहात प्रायोगिक नाटकं होऊ लागली, आणि मुलांसाठी तिची ‘चंद्रशाला’ ही शाखाही झाली. बाई सांगायच्या, ‘‘मुलांचं नाटक म्हणजे सोपं नाटक नव्हे रे.’’ हे सांगताना त्यांचा आवाज अगदी हळू व्हायचा.

‘चंद्रशाला’चं ‘दुर्गा झाली गौरी’ हे मुलांचं नाटक दाखवायला बाईंनी आम्हा बावीस जणांना डोंबिवलीहून लोकलने नेलं होतं. घरून पैसे न आलेल्या मुलांची तिकिटं कुणी काढली, हे मला फार उशिरा कळलं. रंगमंच मुलांनी नुसता भरून गेला होता. परतीच्या गाडीत आम्ही दुर्गेबद्दलच बोलत होतो. बाईंनी विचारलं, ‘‘आणि मागच्या रांगेतलं कोण कोण लक्षात राहिलं?’’ कुणालाच सांगता येईना. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘पुढच्या वेळी बघा हं.’’

त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी मला आमच्या नाटकात आजीची भूमिका दिली. तेव्हा माझा आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोचत नसे. वर्गात वाचायला उभी राहिले की ‘‘मोठ्याने!’’ असं सगळे ओरडायचे आणि मी आणखी मिटून जायचे. बाई एकदाही ‘मोठ्याने’ म्हणाल्या नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी लाकडी खुर्ची माझ्यापासून दोन हातांवर ठेवली. ‘‘मला सांग. बाकीच्यांना नको.’’ दुसऱ्या दिवशी खुर्ची एक रांग मागे. तिसऱ्या दिवशी आणखी एक. फरशीवर खुर्ची सरकल्याचा तो खर्र आवाज मला अजून ऐकू येतो. दोन आठवड्यांनी बाई दाराशी, शेवटच्या रांगेत बसल्या होत्या, मांडीवर दुसऱ्या कुणाच्या तरी झग्याला काठ शिवत. माझं वाक्य संपलं तशी त्यांनी दाताने दोरा तोडला आणि मान हलवली. एवढंच. त्यांना ऐकू गेलं होतं.

घरी जाताना मी रस्ताभर तेच वाक्य म्हणत गेले.

किती संध्याकाळी दिल्या असतील त्यांनी आम्हाला! त्यांनाही घर होतं, आजारी सासूबाई होत्या, तपासायच्या वह्यांचे गठ्ठे होते. यातलं काही आम्हाला तेव्हा दिसलं नाही. आता मी स्वतः शिकवते म्हणून दिसतं, आणि मग पोटात कालवतं. एकदा तरी त्यांना हे सांगायला हवं होतं.

येत्या १५ तारखेला शाळा उघडते. गेल्या वर्षी पाचवीचा कलेचा तास दिवाळीनंतर गणिताला गेला आणि मी गप्प बसले. यंदा नाही बसणार. वेळापत्रक लागायच्या आधीच मुख्याध्यापकांना भेटायचं, सभागृहाची किल्ली शिपाईमामांकडून मागून घ्यायची. तो तास नाहीच मिळाला, तर शाळा सुटल्यावर थांबेन.

आणि सहावीत येणारा तो मुलगा, जो हजेरीला नुसता हात वर करतो. त्याच्यासमोर खुर्ची दोन हातांवर ठेवायची.